खरेदीसाठी पहिली परदेशवारी: बँकॉक की दुबई?

पहिल्या परदेशवारीची चर्चा घरात सुरू झाली की बहुतेक वेळा ती दोन नावांवर येऊन अडते. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमानं आहेत. दुबईला तीन-साडेतीन तास लागतात, बँकॉकला चार-साडेचार. दोन्ही शहरांबद्दल ‘तिथे सगळं स्वस्त मिळतं’ असं कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. बँकॉकमध्ये स्वस्त मिळतं ते नग वाढवल्यावर. दुबईत मिळतं ते वजन, दर आणि घडणावळ यांचा हिशेब ज्याला येतो त्याला. त्यामुळे शहर ठरवण्याआधी खरेदीची यादी काढावी, निवड पुष्कळ सोपी होते.

आधी बँकॉक, कारण माझा कल तिकडे आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

कपडे घ्यायचे असतील तर प्रातुनाम हा भाग गाठावा. इथल्या प्लॅटिनम फॅशन मॉलमध्ये मजल्यांमागून मजले छोट्या दुकानांनी भरलेले आहेत आणि बऱ्याच दुकानांवर दोन भाव लिहिलेले दिसतात, एक नग घेतला तर वेगळा आणि तीन किंवा जास्त घेतले तर वेगळा. हा घाऊक भाव मागून मिळवावा लागत नाही, नग मोजले की आपोआप लागू होतो. समजा एक टॉप २५० बातला आहे आणि तीन घेतल्यास प्रत्येकी २००. तिघी मिळून गेल्या, प्रत्येकीने एकेक उचलला, तरी १५० बात वाचले. बातचा दर अडीच ते तीन रुपयांच्या घरात धरला तर हे चारशे रुपये झाले, तेही कुणाशी हुज्जत न घालता. म्हणून बँकॉकला बहिणी-मैत्रिणींचा गट घेऊन जाणं हीच सर्वांत मोठी सवलत. अनेक दुकानांत कपडा घालून बघू देत नाहीत, परत घेत नाहीत आणि तिथला ‘फ्री साइज’ आपल्या अंगाला लहानच पडतो. टेप सोबत ठेवा आणि आपल्या मापाचा एक कुर्ता घरीच मोजून जा.

चतुचक हा शनिवार-रविवारचा बाजार म्हणजे वेगळंच विश्व. २७ विभाग, १५,००० च्या आसपास गाळे. पूर्वी हा बाजार राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानावर भरायचा, १९८२ मध्ये तो आत्ताच्या जागी हलवला गेला. चिनीमातीची भांडी, लाकडी कोरीवकाम, रोपं, साबण, जुन्या जीन्स, कुत्र्यामांजरांचे कपडे, काय वाटेल ते. मेट्रोचं कम्फेंग फेत स्थानक थेट बाजारातच निघतं. सकाळी नऊ-दहाला पोहोचावं, दुपारी पत्र्याखालचा उकाडा सोसवत नाही. एखादा गाळा आवडला तर तिथेच घेऊन टाका. ‘पुढे बघू आणि परत येऊ’ म्हटलं की तो गाळा पुन्हा सापडत नाही, इतकी त्या गल्ल्यांची गुंतवळ आहे.

आता घासाघिशीचं. तुळशीबागेत किंवा लिंकिंग रोडला आपण सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करतो, नाही जमलं की चालू लागतो आणि मागून हाक येते. ही रीत बँकॉकमध्ये वापरू नका. तिथे विक्रेता सहसा फार फुगवून सांगत नाही, दहा-वीस टक्के कमी झाले तर भाव चांगला जमला असं समजावं. निम्मा भाव सांगितला की तो हसून मान हलवतो आणि बोलणं तिथेच संपतं, मागून हाक येत नाही. आवाज चढवला तर उरलीसुरली शक्यताही जाते, कारण चारचौघांत चिडणं तिथे फार वाईट दिसतं. ‘लोत दाय माय?’ एवढं विचारायचं, म्हणजे ‘कमी होईल का?’ पुरुषांनी शेवटी ‘ख्रप’ म्हणायचं, बायकांनी ‘खा’. पुढचं काम कॅल्क्युलेटर करतो: विक्रेती आकडा दाबून दाखवते, तुम्ही तुमचा दाबता. सकाळी पहिलं गिऱ्हाईक व्हा. भवानीला मान तिथेही आहे, पहिल्या विक्रीची नोट मालावरून फिरवणारे विक्रेते तुम्हाला दिसतील आणि त्या वेळी हात सैल असतो.

वीस बातवरून मात्र अडून बसू नये. आपल्याला ते पन्नास-साठ रुपये असतात आणि समोरची बाई दिवसभर उकाड्यात उभी असते. हे मला मनापासून वाटतं.

भेटवस्तूंची यादी लांबलचक असेल, म्हणजे ऑफिसातले पंधराजण, सोसायटीतल्या मैत्रिणी, भाचे कंपनी, तर चायनाटाउनमधली साम्पेंग गल्ली बघा. केसांच्या क्लिपा, पिशव्या, कीचेन, खोटे दागिने सगळं डझनावारी. अगदी अरुंद गल्ली आहे आणि त्यातून हातगाड्या आणि मोटारसायकली जातात, लहान मुलांना नेऊ नये. पलीकडेच फाहुरात आहे, शीख कुटुंबांनी वसवलेली कापडपेठ.

बँकॉकमध्ये एकच गोष्ट कटाक्षाने टाळायची, रत्नं. ‘राजवाडा आज बंद आहे, मी तुम्हाला दुसरं देऊळ दाखवतो’ असं म्हणणारा टुकटुकवाला शेवटी रत्नांच्या दुकानातच नेतो. ही फसवणूक अनेक वर्षं चालू आहे आणि आजही लोक तिला बळी पडतात. राजवाड्याच्या दारापर्यंत स्वतः चालत जा. बुद्धाच्या मूर्तीही उचलू नका, त्या देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते.

दुबईत पाऊल ठेवलं की आपल्याला आधी मोकळं वाटतं, कारण भाषा. देरा या जुन्या भागातल्या किंवा मीना बाजारच्या दुकानात हिंदी सरळ चालते, विक्रेता केरळचा, पाकिस्तानचा नाहीतर बांगलादेशचा असतो. आपल्या पद्धतीची घासाघीस तिथे चालते, अपेक्षितही असते. मॉलमध्ये मात्र छापील किंमत तीच किंमत. तिथलं चलन दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे रुपया डॉलरपुढे घसरला की दुबईही तेवढीच महागते.

बहुतेकांच्या मनात दुबई म्हणजे सोनं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. देराच्या गोल्ड सूकमध्ये, म्हणजे सोन्याच्या बाजारात, सोन्याचा दर रोज जाहीर होतो आणि सगळ्या दुकानांत तोच असतो. त्यावर भाव करू पाहणं व्यर्थ आहे. भाव करायचा तो घडणावळीवर. समजा २० ग्रॅमची बांगडी आहे आणि ग्रॅममागे २० दिरहम घडणावळ सांगितली, ती बोलून १२ वर आणली तर १६० दिरहम वाचले. साच्यातल्या आणि यंत्रावर घडवलेल्या दागिन्यावर घडणावळ पुष्कळ खाली येते, हातकामावर तेवढी उतरत नाही. दर आणि घडणावळ बिलावर वेगवेगळी लिहून घ्या. ५ टक्के व्हॅट लागतो, त्यातला मोठा भाग विमानतळावर परत मिळतो, पण त्यासाठी दुकानात पासपोर्ट दाखवून तशी नोंद करून घ्यावी लागते.

एवढं करूनही आठवडाभर फिरायला गेलेल्या माणसाने बचतीसाठी म्हणून दुबईत सोनं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे करमुक्त दागिने आणण्याची सवलत आहे, पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम, पण ती परदेशात वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्यांना. शारजाला नोकरी करणारी आत्या दागिना आणते तो हिशेब तिचा, आपला नव्हे. शिवाय जुलै २०२४ मध्ये भारताने सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं, त्याने इथल्या आणि तिथल्या भावातली दरी आटली. पर्यटकाने सामानातून आणलेल्या दागिन्याला तर तो सवलतीचा दरही मिळत नाही. एखादी घडण इथे मिळतच नाही आणि मनात भरली, तर घ्या, रीतसर सांगून शुल्क भरा. ‘कुणी विचारत नाही’ या भरवशावर मुळीच आणू नका.

दुबईत खरा फायदा मसाल्याच्या बाजारात आहे, गोल्ड सूकपासून चालत जाण्याच्या अंतरावर. इराणी केशर, खजूर, पिस्ते, सुकी लिंबं, ऊद, लोबान. इथे मात्र सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून बोलायला हरकत नाही आणि दोन-तीन दुकानं फिरल्याशिवाय पाकीट काढू नये. पोत्यात उघडं ठेवलेलं ‘स्वस्त केशर’ घेऊ नका, ती बहुधा करडईची फुलं असतात. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माणसाला ती सांगायला नकोत. खऱ्या केशराच्या काडीचं एक टोक कर्ण्यासारखं पसरट असतं आणि पाण्यात टाकल्यावर रंग हळूहळू सुटतो, काडी लालच राहते. तिथून अब्रा नावाच्या होडीतून एका दिरहममध्ये खाडी ओलांडली की बर दुबईची कापडपेठ लागते. ती बघायला छान आहे, पण दादर किंवा लक्ष्मी रोड सोडून कापडासाठी दुबई गाठण्यात हशील नाही.

फिरण्याच्या दृष्टीने ज्येष्ठांना दुबई सोपी जाते. वातानुकूलित मेट्रो, हिंदी, शाकाहारी जेवणही सहज. पण हे नोव्हेंबर ते मार्चचं, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि सूकमधल्या गल्ल्यांत फिरवत नाही. दुपारी तिथली बरीच दुकानं बंदही असतात, संध्याकाळचीच वेळ धरावी.

तेव्हा कपडे, पिशव्या आणि वीस जणांच्या भेटवस्तू असतील तर बँकॉक, विचार करायलाच नको. आई-बाबांना घेऊन निवांत जायचंय, सुकामेवा-केशर-अत्तर आणायचंय आणि नातेवाइकांकडे दोन दिवस राहायचंय, तर दुबई. बँकॉक ठरलं तर तिकीट काढताना शनिवार किंवा रविवार तिथे पडेल असं बघा. सहलीच्या अनेक कार्यक्रमांत ते दिवस पटायात जातात आणि चतुचक हातचा सुटतो. एप्रिलमध्ये जात असाल तर १३ ते १५ तारखा सोडा, सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सुट्टीत विक्रेते आपापल्या गावी गेलेले असतात.