स्नॅगइट घ्यावं की फुकटवालं चालेल? मॅन्युअल लिहिणाऱ्यांसाठी स्क्रीनशॉटच्या चार साधनांची तुलना

"काका, स्नॅगइट घ्यावंच लागेल का? की फुकटवालं चालेल?"

समोरच्या काकूंची सून लॅपटॉप उघडूनच आत आली. विजयनगरच्या एका ऑफिसात तिला नुकतंच टेक्निकल रायटरचं, म्हणजे सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिण्याचं, काम लागलंय. स्नॅगइट म्हणजे स्क्रीनशॉट काढायचं विकतचं साधन. कंपनी धरमकाट्याचं सॉफ्टवेअर करते. पुण्या-मुंबईकडे वजनकाटा म्हणतात, आमच्या इंदुरात धरमकाटाच. भरलेला ट्रक काट्यावर चढला की ग्रॉस, रिकामा होऊन परतला की टेअर, दोन्हींची वजाबाकी नेट, आणि पावती छापून ड्रायव्हरच्या हातात. गिऱ्हाइकं छावणीच्या मंडीत, पीथमपुरात आणि पलीकडे जळगाव-धुळ्यातही. म्हणून मॅन्युअल इंग्रजी, हिंदी, मराठी अशा तीन भाषांत. आणि साहेबांचं म्हणणं, विंडोजमध्ये सगळं आहेच, पैसे कशाला घालायचे?

मी तिला उलट विचारलं, "अगं, हे मॅन्युअल बदलतं किती वेळा?"

"दर तीन महिन्यांनी नवीन व्हर्जन येतं."

मग साहेबांचं गणित चुकतंय. पहिल्यांदा स्क्रीनशॉट काढायला कुठलंही साधन पुरतं. खरी कसोटी दुसऱ्या खेपेला लागते. डेव्हलपरने एक बटण उजवीकडून डावीकडे नेलं, की चाळीस चित्रं पुन्हा काढा, पुन्हा बाण ओढा, पुन्हा आकडे घाला. हे मी स्वतः भोगलंय. साठेक चित्रं साध्या पीएनजीत ठेवली होती, बाण त्यातच मुरलेले. नव्या आवृत्तीत फक्त वरच्या पट्टीचा रंग बदलला, आणि माझे चार दिवस गेले.

म्हणून आम्ही जेवणाच्या टेबलावर एकच स्क्रीन चारही साधनांनी काढून पाहिली: वाहन क्रमांक, पार्टीचं नाव, वजन घेण्याचं बटण, पावतीचं बटण. प्रत्येकावर आकडा, १ ते ४.

स्निपिंग टूल

विंडोजसोबत येतं, फुकट. विंडोज + शिफ्ट + एस दाबलं की स्क्रीन अंधुक होते आणि हवा तो चौकोन ओढायचा. उघडलेला मेनू पकडायचा असेल तर तीन, पाच किंवा दहा सेकंदांचा उशीर लावता येतो. विंडोज ११ मध्ये चित्रातला मजकूर उचलून घेण्याची सोयही आली आहे. सहकाऱ्याला "इथे एरर येतोय" असं दाखवायला याच्यापेक्षा सोपं काही नाही.

मॅन्युअलसाठी मात्र आमचं गाडं पहिल्याच आकड्याला अडलं. क्रमाने आकडे टाकणारं हत्यारच यात नाही. पेनने हाताने १ काढला तो कोंबडीच्या पायासारखा दिसला. शिवाय जतन केल्यावर सगळं चित्रात एकजीव होतं, उद्या तोच बाण दोन बोटं सरकवता येत नाही. साहेबांना एवढंच दाखवलं तरी पुरे.

ग्रीनशॉट

हे मुक्त-स्रोत आहे आणि विंडोजवर फुकट. एडिटरमध्ये 'आय' दाबून क्लिक करत गेलं की १, २, ३, ४ आपोआप पडतात. मधला एक खोडला तर पुढचे आपणहून मागे सरकतात. एवढ्याशा गोष्टीने संध्याकाळ वाचते, कारण मॅन्युअलमध्ये मधली पायरी गळणं हे नेहमीचंच.

माझी आवडती सोय दुसरीच: शिफ्ट + प्रिंट स्क्रीन. मागच्या वेळी जो चौकोन ओढला होता, बरोब्बर तोच पुन्हा पकडला जातो. पाच पायऱ्यांची पाच चित्रं एकाच मापाची येतात आणि वाचणाऱ्याला पान उलटताना खिडकी नाचल्यासारखी वाटत नाही. माउसचा बाण वेगळी वस्तू म्हणून येतो, नको असेल तर खोडायचा.

आणि मुख्य म्हणजे ग्रीनशॉटचं स्वतःचं फाइल स्वरूप आहे. त्यात जतन केलं की बाण, आकडे, चौकटी सगळं सुटं राहतं. तीन महिन्यांनी ती फाइल उघडायची, हललेल्या बटणावरचा आकडा उचलून नव्या जागी ठेवायचा.

उणिवाही आहेत. लांब पान खाली सरकवत सलग पकडणं आजच्या ब्राउझरांसाठी याच्याकडून होत नाही. चित्रांचा संग्रह सांभाळणारं काही नाही, फोल्डरांची शिस्त आपणच लावायची. २०१७ मधली आवृत्ती लोकांनी वर्षानुवर्षं चालवली, इतकी याची प्रगती संथ. मला त्याचं दुःख नाही. हातोडी दरवर्षी कोण बदलतं? पण दिसायला जुनाट आहे हे खरं. विंडोज ११ वर बसवलंत तर प्रिंट स्क्रीनच्या कळीवरून भांडण होतं, कारण ती कळ विंडोजने स्निपिंग टूलला देऊन ठेवलेली असते. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे कीबोर्ड, आणि ती सोय बंद.

शेअरएक्स

हेही मुक्त-स्रोत, फुकट, फक्त विंडोजसाठी. यात काय नाही असं विचारावं. लांब पान, जीआयएफ, स्क्रीनचा व्हिडिओ, चित्रातला मजकूर, आकड्यांचं हत्यार, फाइलींना तारीख-वेळेनुसार आपोआप नावं. पकडल्यावर पुढे काय करायचं याची साखळीही लावता येते: कडेला चौकट घाल, अमुक फोल्डरमध्ये टाक, क्लिपबोर्डवर ठेव. पन्नास चित्रं एका बैठकीत काढणाऱ्याला ही साखळी सोन्याची.

पण मेनू बघूनच सुनेचा चेहरा पडला. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं होतं, कुठून सुरुवात करावी कळत नाही. मी वापरलेल्या आवृत्तीत जतन केल्यावर खुणा चित्रात मुरतात, म्हणजे माझ्या कसोटीवर इथे ते ग्रीनशॉटच्या मागे. दुसरं असं की हे साधन घडलंच आहे चित्रं इंटरनेटवर चढवून दुवा देण्यासाठी. गिऱ्हाइकाच्या डेटाची स्क्रीन अशी बाहेर गेली तर नोकरीवर येईल. बसवल्या दिवशीच अपलोडची खूण काढली आहे का बघायचं, मगच पहिलं चित्र.

स्नॅगइट

टेकस्मिथ या अमेरिकन कंपनीचं, १९९० पासूनचं. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. टेक्निकल रायटरांच्या जाहिरातीत "स्नॅगइट येणं आवश्यक" लिहिलेलं दिसतं ते उगाच नाही. आकडे, बाण, फुगे यांची एक शैली ठरवून ठेवली की पूर्ण टीमची चित्रं एका हातची वाटतात. काढलेलं प्रत्येक चित्र लायब्ररीत जातं आणि कुठल्या प्रोग्रॅममधून, कुठल्या तारखेला काढलं यावरून सापडतं. लांब पान सलग पकडतं. स्वतःच्या स्वरूपात ठेवलं की सगळं सुटं, ग्रीनशॉटसारखंच. एक वेगळी करामत म्हणजे स्क्रीनवरच्या अक्षरांच्या जागी राखाडी पट्ट्या आणि साधे आकार घालून चित्र सोपं करता येतं. बारीकसारीक अक्षरं बदलली तरी असं चित्र शिळं होत नाही. तीन भाषांच्या मॅन्युअलला हे फार उपयोगी.

अडचण पैशांची. पूर्वी एकदा विकत घेतलं की झालं, आता वार्षिक वर्गणी, दरमाणशी, डॉलरमध्ये. एकट्याने काम करणाऱ्याला, वर्षातून दोन मॅन्युअल लिहिणाऱ्याला, ते परवडतं असं मला वाटत नाही. चार रायटरांची टीम असेल तर उलट. तिथे चौघांची चित्रं एकसारखी करण्यात जो वेळ जातो त्याच्यापुढे वर्गणी स्वस्त.

मॅकवाल्यांना स्क्रीनशॉटसाठी कमांड + शिफ्ट + ५ हे २०१८ च्या मोहावे या मॅकओएस आवृत्तीपासून मिळतं. तेवढ्याने भागलं नाही तर सरळ स्नॅगइट. लिनक्सवर फ्लेमशॉट, त्यात आकड्यांचं हत्यार आहे. पायऱ्या आपोआप टिपणारी साधनंही निघाली आहेत, क्लिक करत जा आणि मार्गदर्शिका तयार. त्यातली बरीचशी चित्रं त्यांच्या सर्व्हरवर नेतात. ऑफिसच्या आयटीवाल्याला विचारल्याशिवाय हात लावू नका.

साधन कुठलंही असो, दोन ठिकाणी हटकून फसायला होतं

पहिलं, माप. फुल एचडी स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद. ए-फोर कागदावर दोन्हीकडे अडीच सेंटिमीटर समास सोडला की उरतात १६० मिलिमीटर. म्हणजे स्क्रीनवरचं १२ पिक्सेल उंच अक्षर कागदावर उतरतं बरोबर एक मिलिमीटर. धरमकाट्याच्या केबिनमध्ये, चाळीसच्या बल्बखाली, मुनीमजींना ते वाचायचंय! पूर्ण स्क्रीन पकडण्याऐवजी खिडकीच १०२४ पिक्सेल रुंद करा, अक्षर जवळजवळ दोन मिलिमीटर होतं. किंवा विंडोजचं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरची अक्षरं-बटणं मोठी दाखवण्याची सोय, १५० टक्के करून काढा. लहान चित्र वर्डमध्ये ताणून मोठं करणं हा उपाय नव्हे, अक्षरं फुटतात. आणि स्क्रीनशॉट पीएनजीतच ठेवा. जेपीईजी फोटोसाठी आहे, त्यात अक्षरांभोवती धुरकट कण जमतात.

दुसरं, झाकाझाक. माझीच फजिती सांगतो. एका बिलिंगच्या स्क्रीनवर मी पार्टीचा पॅन काळ्या पट्टीने झाकला आणि खालचा जीएसटी क्रमांक तसाच ठेवला. तपासणाऱ्या बाईंनी फोन केला: "अहो, पॅन झाकून काय उपयोग? खाली तोच तर लिहिलाय." जीएसटी क्रमांकाची अक्षरं पंधरा. पहिली दोन राज्याची, मध्य प्रदेशाला २३. पुढची दहा म्हणजे सरळ पॅन. तेव्हापासून मी खऱ्या डेटावर चित्रं काढतच नाही. खोट्या पार्ट्या, खोटे ट्रक, एमपी ०९ ची खोटी नंबरप्लेट असा नमुना डेटाबेस आधी करून घेतो.

झाकायचंच असेल तर धुरकट किंवा चौकडीदार (पिक्सलेट) करू नका, साधन कुठलंही असो, भरीव रंगाचा चौकोन टाका. चौकडी केलेली अक्षरं परत ओळखता येतात हे बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीने २०२२ मध्ये करून दाखवलं. पुढच्याच वर्षी, मार्च २०२३ मध्ये, विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये आणखी एक गोम सापडली: चित्र कापून त्याच फाइलवर जतन केलं, तर कापलेला भाग फाइलच्या शेपटीला राहून जायचा आणि बाहेर काढता यायचा. मायक्रोसॉफ्टने ते लगेच दुरुस्त केलं, पण त्याआधीची चित्रं जुन्या मॅन्युअलांत असतील तर ती नव्याने काढावीत.

इथेच मी वर ज्याचं कौतुक केलं त्याची दुसरी बाजूही येते. ग्रीनशॉटची किंवा स्नॅगइटची सुटी फाइल म्हणजे काळी पट्टी उचलली की खाली मूळ आकडा शाबूत. ती फाइल आपल्या फोल्डरातच राहू दे, बाहेर जाईल ते चपटं पीएनजी.

मग सुनेने काय ठरवलं

ग्रीनशॉट. एकटीच रायटर, विंडोज मशीन, आणि लांब पानं जवळपास नाहीत. लांब पान कधी लागलंच तर फायरफॉक्समध्ये पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट काढायची सोय आहेच. चित्रावर शब्द लिहायचे नाहीत, फक्त आकडे, म्हणजे तिन्ही भाषांना एकच चित्र पुरतं आणि मजकूर खाली ज्याच्या त्याच्या भाषेत. चित्रं वर्डमध्ये चिकटवायची नाहीत, फाइलचा दुवा देऊन घालायची. नाव तेच ठेवून फोल्डरातलं चित्र बदललं की तिन्ही मॅन्युअलांत नवीन चित्र येतं.

नावांवरून मात्र आमचं जुंपलं. तिला 'चित्र १, चित्र २' हवं होतं. मी म्हटलं, मधे एक वाढलं की सगळे क्रमांक बिघडतील, त्यापेक्षा स्क्रीनच्या नावाने ठेव: 'टेअर-नोंद', 'पावती-छपाई'. शेवटी तिने माझं ऐकलं, की चहा निवत होता म्हणून मान डोलावली, ते जुलैच्या आवृत्तीला कळेल.

साहेबांसाठी एक निरोप तिच्याबरोबर दिला आहे. दुसरा रायटर घेतलात तर स्नॅगइटचा विचार करा, पण त्याची मोफत चाचणी आत्ता सुरू करू नका. नवं मॅन्युअल लिहिताना ते दिवस मजेत उडून जातात. नवी आवृत्ती हातात आली की त्या सकाळी बसवा, जुनी चाळीस चित्रं त्यात बदलून बघा आणि घड्याळ लावा.