नीरेच्या पुलापलीकडची रसवंती: उन्हातल्या सायकलवाल्यांसाठी

नीरेचा पूल ओलांडून लोणंदच्या दिशेला लागलं की डाव्या हाताला एक मोठं कडुलिंबाचं झाड लागतं. त्याच्या सावलीत पत्र्याची एक रसवंती आहे. पाटीवर नाथांचं नाव, चरकाला घुंगरं, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. गेले तीन उन्हाळे मी इथे थांबते. पुण्याहून फलटणकडे सायकल काढणाऱ्या प्रत्येकाने इथे उतरावं असं मला मनापासून वाटतं.

चव उत्तम आहेच. पण मी थांबते ती साखरेच्या हिशेबासाठी.

चार वर्षांपूर्वी याच रस्त्यावर मी पाकिटातल्या एनर्जी जेलवर, म्हणजे साखरेच्या दाट पाकावर, विसंबले होते. लोणंदच्या पुढे, दुपारी एकच्या उन्हात, तासाभरात तीन जेल पोटात गेली आणि पाणी मात्र दोन-चार घोटच. पोट डचमळायला लागलं, वीस मिनिटांत सगळं उलटून पडलं. मग पायातलं बळच गेलं आणि फलटणच्या अलीकडे एका एसटी थांब्यावर तासभर आडवी पडून राहिले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे असं का झालं याचा पिच्छा सोडला नाही. उन्हात अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे धावतं आणि आतड्याच्या वाट्याला कमी येतं. त्यात घट्ट साखर उतरली की ती उलट पाणीच आत ओढून घेते. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या ज्यूकेनड्रप यांच्या गटाने 2002 साली दाखवून दिलं, की उष्णतेत स्नायू आपल्यातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा जास्त जाळतात आणि प्यायलेली साखर मात्र कमी वापरली जाते. गरज वाढते आणि पुरवठा घटतो. शिवाय एकट्या ग्लुकोजची वाट तासाला साठेक ग्रॅमवर तुंबते. फ्रुक्टोज दुसऱ्या वाटेने शोषलं जातं, म्हणून दोन्ही मिळून सरावाने नव्वदपर्यंत पोचता येतं. आणि उसाची साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज!

हे लक्षात आल्यावर मी एकदा कॉलेजातला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं उपकरण, सोबत नेला. चरकातून नुकत्याच पडलेल्या, फेसाळ, बिनबर्फाच्या रसाचा एक थेंब काचेवर ठेवला, झाकण लावलं आणि उजेडाकडे धरलं. निळ्या-पांढऱ्याची सीमा 17 वर. मावशी चरक थांबवून बघायला आल्या.

“काय दिसतंय यात, ताई?”

“साखर, मावशी. शंभरात सतरा.”

“मग ऊस चांगलाय की आमचा!”

चांगलाच आहे, पण भर उन्हात सायकलवर तो तसाच पिणं जड जातं. म्हणून माझी बाटली अशी: पाऊण लिटरमध्ये अर्धा रस, अर्धं पाणी, अर्धं लिंबू आणि घरून मोजून नेलेलं एक ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण 400 मिलिग्रॅम सोडियम. यात साठ ग्रॅमच्या आसपास साखर बसते. दर दहा मिनिटांनी दोन-तीन घोट घेत तासाभरात ती संपवायची, आणि दुसऱ्या बाटलीत साधं पाणी ठेवायचं. नुसत्या ओआरएसच्या भरवशावर निघणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: त्यात लिटरमागे ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम असतं. ते जुलाबावरचं औषध आहे, दोनशे किलोमीटरचा शिधा नव्हे.

पहिल्यांदा अर्धीच बाटली भरायला सांगितली तेव्हा मावशींना पटलं नव्हतं. “गळ्यापर्यंत घ्या की, एवढ्यानं काय व्हायचंय?” आता मी सायकल टेकवायच्या आत त्या माझी पाण्याची बाटली मागून घेतात आणि बर्फाच्या पेटीत उभी खोचतात. रस काढण्याआधी चरकावर बादलीभर पाणी ओतून तो समोर धुतात. बर्फ ग्लासात घेऊ नका. बाटलीला बाहेरून लावा, रुमालात गुंडाळून मानेवर ठेवा. ग्लास वीस रुपये, माझी बाटली तीस.

उणिवा आहेत. नऊच्या आधी चरक सुरू होत नाही, त्यामुळे पहाटे निघालेल्यांना जाताना रस मिळत नाही, येतानाच मिळतो. दुपारी माश्या फार. स्वच्छतागृह नाही, त्यासाठी नीरेलाच थांबावं लागतं. आणि रस टिकत नाही: लिंबाने काळा पडायला थोडा उशीर होतो इतकंच, पण उन्हात तासाभरानंतर त्याला आंबूस वास येऊ लागतो. पुढच्या टप्प्यासाठी दोन बाटल्या भरून नेण्याचा मोह टाळा.

यंदा एप्रिलमध्ये पुणे–फलटण–पुणे याच हिशेबाने केलं. येताना दिवे घाटाच्या माथ्यावर पोचले तेव्हा पोट शांत होतं आणि पायांत अजून जोर होता.

पहिला मोठा पाऊस झाला की चरकावर ताडपत्री पडते, त्याआधी जाऊन या. मीठ आपलं न्या. तिथलं मसाला घातलेलं असतं, त्याचा हिशेब लागत नाही.