कूज, सड की नासाडी: ऑक्सफर्ड लर्नर्स थिसॉरस, दोन हंगाम वापरल्यावर

मी दिंडोरी भागातल्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये डॉक्युमेंटेशन बघते. म्हणजे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोचे (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्याचे) कागद आणि युरोपातल्या खरेदीदारांशी चालणारा सगळा ईमेलव्यवहार. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. इंग्रजी वाचताना अडत नाही. लिहिताना मात्र दर दुसऱ्या ओळीला हात थांबतो. एकाच अर्थाचे चार शब्द डोळ्यांपुढे येतात, चारही बरोबर वाटतात, आणि कुठला घातला की घोटाळा होईल ते घोटाळा झाल्यावरच कळतं.

घोटाळा २०२३च्या हंगामात झाला. रॉटरडॅमला कंटेनर उघडल्यावर जो तपासणी अहवाल आला, त्यात 'डीके' नावाने एक टक्केवारी होती. आपल्याकडे तिला कूज म्हणतात. मी दोन पानी उत्तर लिहिलं. पहिल्या परिच्छेदात 'डीके', दुसऱ्यात 'रॉट', तिसऱ्यात 'स्पॉइलेज'. कारण शाळेत बाईंनी बजावलं होतं, एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, निबंध रटाळ होतो. तिसऱ्या दिवशी खरेदीदाराची ईमेल: डीकेचा आकडा आमच्याकडे आहे, रॉट आणि स्पॉइलेज त्याशिवाय वेगळे आहेत का? असल्यास टक्केवारी कळवा. एका दोषाचे मी तीन करून ठेवले होते. आमचे मालक, आण्णा, काही बोलले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला, एवढंच. त्याच रविवारी मी पुण्याला बहिणीकडे गेले आणि अप्पा बळवंत चौकातून हे पुस्तक, म्हणजे ऑक्सफर्डचा इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश, जुनं, साडेतीनशे रुपयांत उचललं.

त्याआधी मोबाइलवर समानार्थी शब्द शोधायचे. एक शब्द टाकला की पंचवीस येतात, पण त्या पंचविसांत नातं काय ते कोणी सांगत नाही. लग्नाच्या मांडवात उभं केल्यासारखं होतं: माणसं पुष्कळ, पण नवऱ्याकडची कोण, नवरीकडची कोण आणि नुसती जेवायला आलेली कोण, काही पत्ता नाही.

थिसॉरस म्हटलं की रॉजेचं नाव निघतं, तो चाळून पाहिला. पीटर मार्क रॉजे हा लंडनचा डॉक्टर, रॉयल सोसायटीचा सचिव. आयुष्यभर शब्दांच्या याद्या केल्या आणि १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, पुस्तक छापलं. शब्द बाराखडीने नाहीत, अर्थाच्या हजारेक कप्प्यांत मांडलेले. माणूस थोरच. पण त्याचं गिऱ्हाईक वेगळं. ज्याला शब्द माहीत आहे, फक्त जिभेवर येत नाही, अशा इंग्रजी कानाच्या माणसासाठी ते कपाट आहे. तिथे अर्थ दिलेले नाहीत. माझ्यासारखीला ते म्हणजे पुन्हा तोच मांडव, फक्त जास्त मोठा.

ऑक्सफर्डचं हे पुस्तक २००८चं, डायना ली यांनी संपादित केलेलं, आणि नावातच शिकणाऱ्यांसाठी असल्याचं सांगतं. जवळच्या अर्थाचे शब्द एका गटात घेतलेले, प्रत्येकाचा स्वतंत्र अर्थ, वाक्यात वापरून दाखवलेला. मधेमधे दोन शब्द समोरासमोर उभे करून त्यांतला फरक सांगणाऱ्या टिपा. आणि गटातल्या शब्दांपुढे-मागे काय येतं, त्यांची ऊठबस कोणाशी, हेही दिलेलं. माझ्या मते सगळे पैसे या शेवटच्या गोष्टीचे.

कारण आपल्या भाषेत आपण तेवढंच तर जाणतो. मिसळीचा घमघमाट सुटतो, मोगरा दरवळतो, दारूचा भपारा येतो, ओल्या गोणपाटाला कुबट वास मारतो. कोणी व्याख्या शिकवलेली नसते. पण 'मोगऱ्याचा भपारा' म्हटलं की चार वर्षांचं पोरही हसेल. पाणी आणि जल एकच, तरी जेवताना 'एक तांब्या जल आण' म्हणणारा माणूस एकतर नाटकात असतो नाहीतर थट्टेत. इंग्रजीतही हेच. जमिनीतले जुने शब्द वेगळे, १०६६नंतर नॉर्मन राजवटीबरोबर आलेले फ्रेंच वेगळे, विद्वानांनी लॅटिनमधून आणलेले आणखी वेगळे. म्हणून 'आस्क' घरातलं, 'क्वेश्चन' जरा चौकशीतलं आणि 'इंटरॉगेट' म्हटलं की समोर पोलीस उभा. आपल्याला तिन्ही 'विचारणे' म्हणून पाठ करायला लावतात, तिथेच माती होते.

आमच्या माहितीपत्रकावर कितीतरी वर्षं 'चीप ग्रेप्स' असं छापलेलं होतं. आण्णांना स्वस्त म्हणायचं होतं. पण 'चीप'मध्ये स्वस्ताबरोबर हलकेपणाही येतो, जसा आपल्या 'स्वस्तातला' या शब्दात. 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हणजे दर कमी, मालाबद्दल वावगं काही नाही. 'रीझनेबल' म्हणजे वाजवी. 'कॉम्पिटिटिव्ह' म्हणजे बाजारातल्या इतरांच्या तोडीचा भाव, आणि व्यापारी पत्रात शोभतो तो हाच. दरही न बदलता पत्रक बदललं. आण्णांना आधी पटेना. "अगं, स्वस्त आहे ते सांगायला लाजायचं कशाला?" मग मी विचारलं, मुलीचं लग्न जमवताना स्थळ स्वस्तातलं आहे असं कोणी सांगितलं तर? मग पटलं.

खरी परीक्षा २०२४ला झाली. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, म्हणून युरोपची जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जात होती. दहा-पंधरा दिवस जास्त. रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये शून्य अंशाला ठेवलं तरी द्राक्ष ते द्राक्षच, देठ वाळायला लागतो. खरेदीदार चिडलेला. आण्णा म्हणाले, लिही, माफी मागतो. मी 'अपॉलजाइज' टाइप केलं आणि थांबले. पुस्तक उघडलं. 'अपॉलजाइज'मध्ये चूक आपण पदरात घेतो. 'रिग्रेट'मध्ये झाल्या गोष्टीची हळहळ असते, दोष आपला असेलच असं नाही. वाचताना हसू आलं, कारण हा फरक मराठीत मला लहानपणापासून येतो! आकाशवाणीवर 'व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत' ऐकतच वाढले. दिलगीर कोणीही होतं, माफी मागायला गुन्हा लागतो. जहाजाच्या वळशाबद्दल आम्ही दिलगीर झालो. एका पेटीवर लेबल चुकलं होतं, त्याबद्दल मात्र सरळ माफी मागितली. दोन्ही एकाच पत्रात, आणि त्यावर उलट प्रश्न आला नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. समजावणी सगळी इंग्रजीतूनच आहे, त्यामुळे वाचनाचा सराव नसलेल्याने घेऊ नये. सोबत सीडी येते. आमच्या ऑफिसातल्या एकाही लॅपटॉपला सीडीची खाच नाही, ती सध्या चहाच्या कपाखाली असते. आणि धंद्याची भाषा यात शोधू नका. मणीगळीला आमच्याकडे 'शॅटर' म्हणतात, सुकव्याला 'श्रिव्हल'. हे शब्द खरेदीदाराच्या स्पेसिफिकेशनमधूनच उचलायचे आणि जसेच्या तसे परत द्यायचे. तिथे समानार्थी शोधणं हाच गुन्हा. डीके म्हणजे डीके, दहा वेळा आला तरी डीके. बाईंनी माफ करावं. इथे 'अपॉलजाइज'च.

पुस्तक मी टेबलावर ठेवते, कपाटात नाही. गेल्या फेब्रुवारीत आमचे एक जुने बागायतदार तात्या घामाघूम होऊन आले. ऑफिसातल्या पोराने त्यांना फोनवर सांगितलं होतं, तिकडून 'रिजेक्ट' आलंय. तात्यांना वाटलं, बंदरातला माल गेला. ईमेल काढली तर खरेदीदाराने पुढच्या कंटेनरचा आमचा भाव 'डिक्लाइन' केला होता. मालाला हातही लागला नव्हता.

"मग रिजेक्ट न् डिक्लाइन एकच ना, ताई? नाहीच म्हटलं ना त्यानं?"

मी म्हटलं, तात्या, मुलगी बघून नापसंत केली तर ते रिजेक्ट. पत्रिका जुळत नाही असं कळवलं तर डिक्लाइन. आणि दारातच उभं केलं नाही तर रिफ्यूज.

तात्या खुर्चीत बसले, टोपी काढून वारा घेतला. मग म्हणाले, "म्हंजे अजून बोलणी होऊ शकतात." त्या पोराला मी पुस्तकातलं ते पान काढून दिलं आणि आण्णांना नव्या भावासाठी हाक मारली.