टिळक रोडवरचा एक्स्पोर्टचा वीकेंड क्लास: जावं का?

दोन रविवार जाऊन आलो. नाव नाही टाकत, कारण एसी बंद आणि नोट्सची झेरॉक्स इतकी फिकी की आकडे वाचताच येत नाहीत, त्यावर चिडचिड झालीच. पण सर भारी शिकवतात राव. टॅरिफ प्रेफरन्स (ठरावीक देशांच्या मालाला आयात ड्युटीत सवलत) म्हणजे काय हे मला हाँगकाँगच्या उदाहरणाने पहिल्यांदा कळलं. 1932 च्या ओटावा करारांपासून ब्रिटिश साम्राज्यातल्या मालाला ब्रिटनमध्ये ड्युटीची सवलत, म्हणजे हाँगकाँगचा माल जपानपेक्षा स्वस्त पडायचा, मग 1 जानेवारी 1973 ला ब्रिटन युरोपियन कम्युनिटीत (आजच्या ईयूच्या आधीचा गट) गेलं आणि त्या गटाची बाहेरच्यांसाठीची एकच ड्युटी लागू करायची म्हटल्यावर जुनी सवलत टप्प्याटप्प्याने संपली. निर्णय लंडनचा, फटका तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हाँगकाँगच्या कारखान्यांना, त्यांना विचारतंय कोण! कम्युनिटीची विकसनशील देशांसाठीची जीएसपी नावाची ड्युटी सवलत होती म्हणा, पण त्यात हाँगकाँगचं कापड आणि चपला-बूट वगळलेले, म्हणजे नेमका मोठा माल बाहेर. यावरच सरांनी तासभर घेतला, चहाचा ब्रेकपण विसरले (चहा तसाही पाणचट). डॉक्युमेंटेशनचा भाग मात्र उरकला. फी जरा जास्तच आहे. पार्किंग नाही, बसनेच जा.