हिलोचे दोन धबधबे: वाइआनुएनुए की अकाका?

वाइआनुएनुए, म्हणजेच रेनबो फॉल्स, हवाईच्या बिग आयलंडवरच्या हिलो शहरातच आहे. उंची जेमतेम 80 फूट, तिकीट नाही, गाडीतून उतरलं की समोरच. इंद्रधनुष्य हवं तर ऊन असलेल्या सकाळी जा. सूर्य पाठीशी हवा, दुपारी गेलात तर नुसतं पाणी दिसेल. धारेमागची लाव्हाची गुहा हे हवाईच्या दंतकथांतला वीर माउई याची आई हिना हिचं घर मानतात, म्हणून कठड्यापलीकडे उतरू नये. शिवाय डोंगरात पाऊस झाला की इथली वाइलुकू नदी अचानक फुगते.

अकाका 442 फुटी. होनोमू गावाजवळ, हवाईबाहेरच्यांना शुल्क. पायऱ्यांची छोटी फेरी, ओली असते, चपला नकोत. ढग उतरले तर काहीच दिसत नाही. ओओपू नावाचे मासे मात्र पोटाच्या चोषकाने हा कडा चढतात! एकच बघायचा तर अकाका.