डिरेक्टरी वाचली ती आम्ही जाहिरातदारांनीच

मानेवाडा रोडवर माझं कूलर, पंप दुरुस्ती आणि मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. आमचा धंदा होळी ते मृग, तीन महिन्यांचा. तेवढ्यात कमावलं तर वर्ष निघतं. म्हणून फेब्रुवारीत कोणी "गिऱ्हाईक आणून देतो" म्हटलं की कान टवकारतात. २०२३ मध्ये असेच टवकारले.

इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल, हातात जाडजूड रंगीत पुस्तक. "भाऊ, नागपूरच्या सर्व्हिसवाल्यांची डिरेक्टरी काढून राहिलो. धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर, त्रिमूर्तीनगर मिळून वीस हजार घरी फुकट वाटतो."

मी म्हटलं, आता पुस्तक कोण पाहते जी, सगळे मोबाइलवर शोधतात.

"म्हाताऱ्या माणसाला जमते का मोबाइलवर शोधणं? पोरं पुण्याला, अमेरिकेत. कूलर बंद पडला तर ते पुस्तकच उघडतील ना?"

हे मला पटलं. बाबा दुकान चालवायचे तेव्हा टेलिफोन खात्याची डिरेक्टरी घरोघरी फोनखाली असायची आणि तिच्या पिवळ्या पानांवरून बाबांना खरोखर कामं यायची. त्या माणसाने मला पुस्तकातली जागा विकलीच नाही म्हणा ना, माझीच जुनी आठवण मला विकली.

अर्धं पान १५,००० रुपये, वर ५ टक्के जीएसटी, एकूण १५,७५०. क्यूआर स्कॅन केला तर डिरेक्टरीचं नाव नाही, कुण्या बाईचं नाव आलं. "आमच्या मॅडम," तो म्हणाला. मी पिन टाकला.

अक्कल वापरली ती एकाच ठिकाणी. जाहिरातीत दुकानाचा नेहमीचा नंबर न देता जुन्या हँडसेटमधल्या दुसऱ्या सिमचा नंबर दिला. पुस्तकातून नेमके किती फोन येतात ते कळावं, एवढाच हेतू.

पुस्तक मार्चमध्ये येणार होतं, आलं मेअखेर, नवतप्याच्या कडक उन्हात. तोवर लोकांच्या कूलरच्या ताट्या बदलून झाल्या होत्या. कागद मात्र गुळगुळीत, फोटो झकास. खरं सांगतो, स्वतःचं नाव पाहून छाती फुगली.

ऑगस्टपर्यंत त्या सिमवर अकरा फोन आले. तीन वेबसाइट बनवून देणाऱ्यांचे. दोन दुसऱ्याच डिरेक्टऱ्यांचे. पाच माझ्यासारख्याच जाहिरातदारांचे: एक पेस्ट कंट्रोलवाला, एक पॅकर्स-मूव्हर्स, एक पाण्याच्या टाक्या धुणारा, दोन प्लंबर. सगळ्यांचा प्रश्न एकच, "भाऊ, तुम्हाले काही फोन आले का?" अकरावा फोन पुन्हा त्याच पेस्ट कंट्रोलवाल्याचा. त्याच्या घरचा पंप जळला होता. ३५० रुपयांचं काम. पुस्तकातून झालेली कमाई तेवढीच.

मग मी धरमपेठ-लक्ष्मीनगरातल्या माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना आणि तिथल्या चौकीदारांना विचारत फिरलो. एकानेही ते पुस्तक पाहिलं नव्हतं. पेस्ट कंट्रोलवाल्याने आणि मी जेवढ्या जाहिरातदारांना फोन लावले, त्या प्रत्येकाकडे एकेक प्रत होती, बाहेर कुठेच नाही. किती छापली कोण जाणे. पण पान उलटून पाहिलं तर मुद्रकाचं नावच नव्हतं, म्हणजे छापखान्यात जाऊन विचारायचीही सोय नाही.

माझी उलाढाल २० लाखांच्या आत, स्वतःचा जीएसटी नाही, त्यामुळे बिल मी पाहिलंच नव्हतं. भाच्याने पाहिलं, तो सीएकडे काम करतो. म्हणाला, "मामा, ५ टक्के वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला लागतो. बिझनेस डिरेक्टरी आणि यलो पेजेस त्यातून वगळल्या आहेत, त्यांना १८ टक्के. आणि हा नंबर १४ अक्षरांचा आहे." जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाचा आहे ते फुकट दिसतं. मोबाइल खिशातच होता, दोन मिनिटांचं काम होतं.

पोलिस ठाण्यातही गेलो. साहेबांनी ऑर्डर फॉर्म मागितला आणि उलटा करून माझ्यासमोर ठेवला. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत: "प्रतींची संख्या व वितरण प्रकाशकाच्या सोयीनुसार बदलू शकते." खाली माझी सही. अर्ज घेतला त्यांनी, पुढे काही झालं नाही. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

छापील जाहिरात चालतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी पेपरमध्ये पॅम्फ्लेट टाकलं, तेव्हा पहाटे पाचला स्वतः पेपर टाकणाऱ्या पोरांसमोर उभा राहून गठ्ठे टाकताना पाहिले. त्यातून कामं आली. दुरुस्त केलेल्या प्रत्येक कूलरच्या पंपाशेजारी तारीख आणि नंबर लिहिलेलं स्टिकर लावतो, ते तर सगळ्यात जास्त चालतं. म्हाताऱ्या माणसाला तेच आधी दिसतं. गूगल मॅपवर दुकानही टाकलं. त्याला पैसे लागत नाहीत, "गूगलमधून बोलतोय, लिस्टिंगचे भरा" असा फोन आला तर ठेवून द्या.

मागच्या फेब्रुवारीत पुन्हा एक जण आला. नाव वेगळं, पुस्तकाचं नाव वेगळं, शर्ट तसाच. मी चहा सांगितला आणि म्हटलं, मागच्या वर्षीचं पुस्तक द्या, त्यातल्या कोणत्याही पाच जणांना मी इथूनच फोन लावतो. तो म्हणाला, "पुस्तक ऑफिसात राहिलं जी, उद्या आणतो." चहा अर्धाच पिऊन गेला.