ब्रिटनची ऑनलाइन एलपीए सेवा : संकेतस्थळ झकास, घोळ सह्यांचा

स्मृतिभ्रंशाने समज गेल्यावर कुलमुखत्यारपत्र करता येत नाही, ते शाबूत डोक्यानेच करावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी २००५च्या मेंटल कपॅसिटी कायद्यातली लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, म्हणजे समज गेल्यावरही टिकणारं कुलमुखत्यारपत्र, थोडक्यात एलपीए आहे. (स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडचे नियम निराळे.) प्रकार दोन. पैसा-मालमत्तेची एलपीए नोंदणी होताच तुमच्या संमतीने वापरता येते, आरोग्याची मात्र समज गेल्यावरच. नोव्हेंबर २०२५ पासून नोंदणीचे प्रत्येकी ९२ पौंड, म्हणजे नवराबायकोने दोन्ही केल्या तर ३६८. वार्षिक उत्पन्न १२ हजार पौंडांखाली असेल तर निम्मे.

सरकारी संकेतस्थळावर फॉर्म भरणं खरंच सोपं आहे. सॉलिसिटर लागत नाही आणि रिकामी राहिलेली जागा तिथल्या तिथे कळते. फॉर्म इंग्रजी आणि वेल्शमध्ये, मराठी आईबाबांना शेजारी बसून समजवावा लागतो.

खरा विचार हवा तो मुखत्यारांनी काम कसं करायचं यावर. ‘एकत्रच’ निवडलं तर प्रत्येक कागदावर दोघांची सही लागते, आणि पर्यायी मुखत्यार नेमलेला नसताना एक जण गेला की दुसऱ्याचाही अधिकार संपतो. ‘एकत्र किंवा स्वतंत्रपणे’ म्हणजे बँकेतलं आयदर ऑर सर्व्हायव्हर. बहुतेक घरांना हेच सोयीचं. मात्र हे निवडून खाली सूचनांच्या रकान्यात ‘घर विकताना दोघांनी मिळूनच ठरवावं’ असं लिहू नका. दोन्ही परस्परविरोधी ठरतात आणि प्रकरण अडकतं. मनातली इच्छा ‘प्राधान्यं’ या रकान्यात लिहा.

इथवर सगळं पडद्यावर. पुढे छापा, पेनाने सह्या करा, पोस्टाने पाठवा! अर्ज परत येतात ते इथे. क्रम ठरलेला आहे : आधी लिहून देणारा, मग सर्टिफिकेट प्रोव्हायडर (लिहून देणाऱ्याच्या समजेची ग्वाही देणारी व्यक्ती), मग मुखत्यार, शेवटी नोंदणीसाठी अर्ज करणारा. मुखत्याराने एक दिवस आधीची तारीख टाकली तरी चूकच. आरोग्याच्या फॉर्मवर जीवरक्षक उपचारांच्या पर्यायाखालीही साक्षीदारासमोर वेगळी सही असते, तीच नेमकी राहून जाते. लिहून देणाऱ्याच्या सहीला मुखत्यार साक्षीदार चालत नाही, मुखत्यारांनी एकमेकांना साक्ष राहिलेलं चालतं. चूक निघाली तर तीन महिन्यांत निम्म्या फीत पुन्हा अर्ज करता येतो.

सर्टिफिकेट प्रोव्हायडर म्हणजे ‘यांना समजतंय आणि कुणाचा दबाव नाही’ असं लिहून देणारी व्यक्ती. सून, जावई, भाऊ, कुणीही नातेवाईक चालत नाही. किमान दोन वर्षांची चांगली ओळख असलेला मित्र चालतो, डॉक्टर किंवा सॉलिसिटरच हवा असं नाही. आईबाबांशी एकट्याने मराठीत बोलू शकेल असा महाराष्ट्र मंडळातला जुना स्नेही असेल तर उत्तम.

चार आठवड्यांचा हरकतीचा काळ धरून नोंदणीला आठ-दहा आठवडे जातात. पुढची सोय छान आहे : मुखत्यार ऑनलाइन खात्यातून कोड काढून बँकेला देतो, मूळ कागद फिरवावा लागत नाही.

पुण्यातला फ्लॅट आणि ठाण्यातल्या ठेवी मात्र या एलपीएवर सोडू नका. भारतात केलेलं कुलमुखत्यारपत्रही तिथे कामी येणार नाही, कारण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे लिहून देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपते. मग पालक (गार्डियन) नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. तिथली विक्री, बक्षीसपत्र किंवा खात्यावर दुसरं नाव लावणं हे समज असतानाच उरकून घ्या.